चारचौघांत बाप नसतो

“पोराला बापाचा हात धरायला शिकव,” असं बानोना म्हणाली, तेव्हा लितुगेना हसली होती. ओठातल्या ओठात नाही. हातातलं ओलं कातडं बाजूला टाकून, पोट धरून हसली होती.

बानोना आमच्यातली नव्हे. पूर्वेकडच्या रानातली. आदल्याच वर्षी रोमनांनी तिच्या लोकांचा किल्ला घेतला आणि आतली माणसं एका दिवसात विकून टाकली. ती कशी सुटली हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. लंगडत लंगडत समुद्रापर्यंत आली आणि आमच्या खाडीकाठी, मोरितास्गच्या शिडांच्या मांडवात कातडी भिजवण्याच्या कामाला लागली. मोरितास्ग शिडं शिवायचा. लितुगेना त्याची बायको.

“हसू नकोस गं,” बानोना म्हणाली. “ते आले की आधी माणसं निवडतात. कोण कुणाचं हे विचारत बसत नाहीत, नुसतं बघतात. ज्याने ज्याचा हात धरला, त्याचं ते. माझ्या बहिणीची पोर घाबरून भलत्याच बाईच्या मागे लपली. गेली त्या बाईबरोबर. आई इकडे, पोर तिकडे.”

“इथे कशाला येतायत ते, मावशी? पाण्यात पाय घालायला घाबरतात म्हणे.”

“आमच्याकडेही हेच म्हणायचे. तटाला शिडी लावायला घाबरतात म्हणे.”

“बरं, समज आले. म्हणून मातूने भर धक्क्यावर बापाचा हात धरायचा? लोक काय म्हणतील? पोरगं अर्धवट आहे म्हणतील. नाहीतर बाप.”

“म्हणू देत की.”

“तुमच्याकडे चालत असेल. आमच्याकडे नाही.”

 बानोनाने कातडं पिळलं नि पुढचं घेतलं.

आमच्याकडे खरंच चालत नाही. मुलगा भाला पेलण्याएवढा होईपर्यंत चारचौघांत त्याला बाप नसतो. घरात असतो. दार लावलं की मोरितास्गच्या पाठीवर बसून मातू घोडा घोडा करायचा, त्याच्या मिशा ओढायचा, त्याच्याच ताटलीतले शिंपले उचलून खायचा. पण दार उघडलं, बाहेर चार माणसं असली, की बाप तोंड फिरवायचा आणि मुलगा मान खाली घालून दुसऱ्या वाटेने जायचा. यात कुणाला वाईट वाटायचं नाही. नागड्याने बाजारात जाऊ नये इतकं ते साधं होतं.

मातू पाच वर्षांचा असताना एकदा चुकला. धक्क्यावर नव्या जहाजाला शीड चढवत होते, पन्नास माणसं दोर ओढत होती. हा कुठूनसा धावत आला आणि सरळ बापाच्या मांडीला मिठी मारली. माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, “मोरितास्ग, दूध पाज की त्याला.” मोरितास्ग कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला नि समुद्राकडे बघत राहिला. लितुगेनाने पोराला दंडाला धरून ओढत नेलं आणि ओल्या दोराने त्याच्या पोटऱ्यांवर मारलं. मोजून नाही मारलं. दमेपर्यंत मारलं.

“परत जाशील?”

“नाही.”

“त्याने हात पुढे केला तरी?”

“नाही.”

“मी सांगितलं तरी?”

तो गोंधळला. मग म्हणाला, “तरी नाही.”

“शहाणा माझा,” असं म्हणून तिने त्याला पोटाशी धरलं होतं आणि वळांना लोणी चोळलं होतं.

तशी ती मारकुटी नव्हती. उलट फार जपायची. रीतीप्रमाणे चौथ्या वर्षीच मातू खाडीपलीकडच्या मिठागरावर सेनोवीरकडे वाढायला गेला होता. सेनोवीर मोरितास्गचा जुना दोस्त. समुद्राचं पाणी मातीच्या पसरट भांड्यांत आटवायचा, दिवसभर भट्टीपुढे. माणूस थोराड, बोलायला कमी. त्याला मूलबाळ नव्हतं. मातू त्याला आप्पा म्हणायचा, चारचौघांत त्याचाच हात धरून चालायचा. तेही रीतीप्रमाणेच. दर अमावास्येला पाणी ओसरलं की चिखलातून घरी यायचा, धक्क्यावर चुकला तेही अशाच एका खेपेला, आणि आल्या आल्या लितुगेना त्याच्या बरगड्या चाचपायची, नखं बघायची, वास घ्यायची. “सेनोवीर जेवायला घालतो ना रे? घशाशी काही टोचतं का? रात्री पांघरूण कोण घालतं?” मोरितास्ग म्हणायचा, “बाई, पोरगं आहे, मासा नाही. सारखं उलटून बघू नकोस.”

त्या उन्हाळ्यात रोमन आले.

का आले ते सगळ्यांना ठाऊक होतं. हिवाळ्यात धान्य मागायला आलेले त्यांचे काही अधिकारी आमच्या सभेने अडकवून ठेवले होते. आमचे ओलीस परत द्या, तुमचे घेऊन जा, असा निरोप पाठवला होता. त्यांनी उत्तर दिलं नाही. नदीच्या मुखाशी जहाजं बांधायला घेतली. आमचे लोक ती जहाजं बघून आले नि जेवता जेवता हसले. बुटकी, ठेंगणी, वल्ह्यांवर चालणारी. आमच्या जहाजांच्या काठाला त्यांचा हातही पुरणार नव्हता.

हात पुरला नाही. म्हणून त्यांनी लांब काठ्यांना कोयते बांधले, शिडाचे दोर त्यात अडकवले आणि वल्ही मारत पुढे गेले. दोर तुटला की शीड खाली. मोरितास्गची शिडं जाड कातड्याची, दुहेरी शिवणीची. ती अंगावर पडली की चार माणसं मिळूनही उचलता येत नसत. खाली सापडलेले तिथेच बुडाले. तरी अर्धी जहाजं निसटली असती, पण दुपारी वारा पडला. नुसता पडला. किनाऱ्यावरच्या बायकांनी तो पडलेला पाहिला. संध्याकाळपर्यंत एकेक जहाज घेरून संपवत होते, आणि बायका उभ्या राहून बघत होत्या.

शरण जाण्यावाचून काही उरलं नव्हतं. सभेतले म्हातारे स्वतःहून पुढे गेले, शस्त्रं खाली ठेवली. वाटलं होतं, दंड होईल, ओलीस मागतील. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सगळ्यांची डोकी उडवली. एकही ठेवला नाही. डोळ्याने न दिसणाऱ्या एका आजोबांना धरून ओंडक्यापर्यंत न्यावं लागलं, तर ते वाटेत विचारत होते, “पायरी आहे का?”

बाकीच्यांना विकायचं ठरलं.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांना खाडीच्या सपाट वाळूवर उभं केलं. ती जागा त्यांनीच निवडली, कारण मोकळी होती, पळायला आडोसा नव्हता. तिथे दुपारनंतर भरती येते आणि घोड्याच्या चालीने येते, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगून काय मिळणार होतं?

डावीकडे विक्रीची माणसं. व्यापारी तिथे आधीच फिरत होते, दात बघत, दंड दाबत. प्रत्येकाच्या डोक्यावर पानांचा एक वळेसर बसवत होते, म्हणजे विकायचा माल कोणता ते लांबून कळावं. लहान पोरांना ते आवडलं होतं. एकमेकांची पानं मोजत होती.

उजवीकडे, थोड्या उंचवट्यावर, अकरा माणसं. शिडं शिवणारे, कातडी कमावणारे, जहाजांचे सुतार, लोखंडाच्या साखळ्या घडवणारे. धरलेली जहाजं दुरुस्त करायला ही माणसं हवी होती. ती इथेच राहणार, आणि त्यांची बायकापोरं त्यांच्याजवळ. दुभाष्याने तसं ओरडून सांगितलं. दुभाष्या दक्षिणेकडचा होता. आपलीच भाषा, पण दाढी-मिशा सफाचट, आणि अंगात त्यांच्यासारखा अंगरखा.

मोरितास्ग त्या अकरांत होता. लितुगेनाचं नाव पुकारलं, तिने जाऊन त्याचा हात धरला. कुणी अडवलं नाही. इतकं सोपं होतं ते. आता फक्त मातू. तो खाली मुलांच्या घोळक्यात उभा होता. मिठागरावरच्या सगळ्यांना आदल्या दिवशी हाकून आणलं होतं, त्यांच्याबरोबर आला होता. सेनोवीर डावीकडे, डोक्यावर पानं घालून उभा. मीठ आटवणारे रोमनांकडे पुष्कळ होते.

सुरुवातीला आयाच आपापल्या मुलांना हाका मारून घेत होत्या. मग कातडी कमावणाऱ्याच्या बायकोने तीन हाका जास्त मारल्या. स्वतःची दोन नि शेजारणीची तीन. शेजारीण डावीकडे उभी होती, तिने तोंडात शेल्याचं टोक कोंबलं होतं. चार पोरं गुपचूप आली. पाचवी एवढीशी मुलगी, तिने या बाईचा हात धरला आणि मोठ्याने विचारलं, “माझी आई पण येणार ना? ती बघा तिकडे.”

रोमनांच्या नायकाला भाषा कळत नव्हती, पण बोट कळलं. त्याची मान उन्हाने सोलून लाल झाली होती. तो शांतपणे चालत आला. त्याने त्या बाईला, तिच्या नवऱ्याला आणि पाचही पोरांना डावीकडे ढकललं. त्या ढकलाढकलीत बाईचा हात मोडला. मग त्याने दुभाष्याला काहीतरी सांगितलं.

दुभाष्या ओरडला, “आता आयांनी हाका मारायच्या नाहीत. खूण करायची नाही. बापांनीही बोलायचं नाही. पोरगं एकटं पुढे येईल आणि आपणहून बापाचा हात धरेल. ज्याचा धरेल त्याचं. एकदाच विचारणार.”

 लितुगेनाने नवऱ्याकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं.

“हात पुढे कर,” ती ओठ न हलवता म्हणाली. “तो आला की हात पुढे कर. ऐकतोयस ना? सगळ्यांसमोर.”

“करतो.”

“तोंड फिरवू नकोस.”

“नाही फिरवत गं.”

एका शिपायाने काठी तिच्या गळ्यावर आडवी धरली. आयांच्या गळ्यावर आता सगळीकडेच काठ्या होत्या.

पहिली आली एक मुलगी. मुलींना ही रीत लागू नाही. धावत आली, बापाला बिलगली. मग दुसरी मुलगी. मग सुताराचा तान्हा, त्याला नुसता खाली ठेवला तर तो रांगत भलतीकडेच निघाला. बापाने रीत, हुकूम सगळं सोडून त्याला उचललं. नायक हसला, सोडून दिलं. पाणी आता वाळूच्या पन्हळींतून चमकत येत होतं. नायकाच्या चामडी चपलांना लागलं. त्याने खाली पाहिलं, शिवी दिली, आणि लवकर आटपा म्हणून हात हलवला.

मग मातू.

दुभाष्याने त्याला खांद्याला धरून पुढे केलं. “जा. बापाचा हात धर.”

मातूने मान वर केली. वाळूवर निदान दोन हजार माणसं उभी होती. एवढे चारचौघे त्याने जन्मात पाहिले नव्हते. त्याने उंचवट्याकडे पाहिलं, आणि मोरितास्गने तोंड फिरवलं.

फिरवायचं नव्हतं. मान आपोआप गेली. सात वर्षं अशीच गेली होती. डोळ्यांची दोनदा उघडझाप होईल एवढाच वेळ. मग तो भानावर आला, झटक्यात वळला, हात लांब केला. पंजा उघडा.

मातू त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने आईकडे पाहिलं.

लितुगेनाच्या गळ्यावर काठी होती. ओरडता येत नव्हतं, मान हलवता येत नव्हती. तिने सगळं चेहऱ्यात आणलं. जा. जा रे. जा. डोळे फाडले, दात आवळले, मानेच्या शिरा ताठ झाल्या.

तिचा हा चेहरा मातूने आधी एकदाच पाहिला होता.

तो ताठ उभा राहिला. मान खाली घातली, आणि चांगल्या वळणाच्या पोराने चालावं तसा, ना घाई ना रेंगाळणं, बापाच्या लांब केलेल्या हातापासून चार पावलांवरून वळला. डावीकडे गेला. घोट्याएवढं पाणी तुडवत गेला. सेनोवीरचा हात धरला. आणि तिथून त्याने आईकडे पाहिलं. चुकलो नाही ना, असं.

सेनोवीर कधी कुणावर हात उगारणारा नव्हता. त्याने पोराचा हात हिसडून टाकला. “मी नाही! अरे मी नाही तुझा कोणी! तो बघ, तिकडे, जा!” मातू पुन्हा चिकटला. “आप्पा, सगळे बघतायत,” असं तो कुजबुजला. सेनोवीरने त्याला थोबाडीत मारली. मिठाने चिरलेला तो पंजा, पोरगं पाण्यात आडवं झालं. उठलं, आणि रडत रडत परत त्याच्याच मांडीला बिलगलं.

नायक खदखदून हसला. दुभाष्याला काही म्हणाला. दुभाष्याने ते उगाचच आपल्या भाषेत सांगितलं, “म्हणतायत, असं फक्त बापच मारतो.”

काठी निघाली होती. लितुगेना उंचवट्यावरून घसरत खाली आली आणि दुभाष्याचा अंगरखा धरला. “तो माझा आहे. आमचा आहे. तुला माहितीय! तू काय आभाळातून पडलास का? आमच्यात पोरगं बापाकडे जात नाही. सांग त्यांना. भाऊ, सांग ना.”

“माहितीय,” दुभाष्या म्हणाला. “माझा बाप मला पहिल्यांदा भर रस्त्यात नावाने बोलला तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं.”

“मग सांग!”

“एवढं लांबलचक त्यांना ऐकायचं नसतं, बाई. आणि सांगितलं तर आत्ताच उभी केलेली सगळी पोरं पुन्हा निवडायला लावतील. त्यांच्या आयांना विचार, चालेल का.”

तिने वळून पाहिलं. उंचवट्यावरच्या आयांनी आपापली पोरं पोटाशी आवळली. एकीनेही तिच्याकडे पाहिलं नाही. काल-परवापर्यंत त्यांच्याकडे ती मीठ उसनं मागायला जात होती.

“मग मला तिकडे घाला,” ती म्हणाली. “मला विका. पानं घाला माझ्या डोक्यावर. त्याच्याबरोबर जाते.”

दुभाष्याने हे मात्र सांगितलं. नायकाने डोकं हलवलं. शिवणाऱ्यांच्या बायका इथेच राहिल्या पाहिजेत. बायको गेली की नवरा पळतो.

मोरितास्ग एव्हाना खाली आला होता.  तो पाण्यातून सरळ मातूकडे चालला होता, हात तसाच लांब धरून, जणू तो हात परत कसा घ्यायचा हे त्याला आठवत नव्हतं. मोठ्याने हाका मारत होता, “मातू! मातुगेनो! बाळा, मी आहे, तुझा बाप!” सगळ्यांसमोर. कुणी हसलं नाही. पोराने मात्र सेनोवीरच्या मागे तोंड लपवलं, बाप असं का करतोय या लाजेने. शिपायांनी मोरितास्गला मागून गुडघ्यांवर मारलं. हातांना मारलं नाही. हात त्यांना हवे होते.

पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं तेव्हा डावीकडच्या लोकांना हाकायला लागले. मातूच्या डोक्यावर जो वळेसर घातला तो मोठ्या माणसाचा होता. तो घसरून नाकावर यायचा, मग तो एका हाताने वर सरकवायचा, दुसऱ्या हातात आप्पाचा हात. वळणावरच्या ओकाच्या झाडांपर्यंत दिसत होता. लितुगेनाला अजून सांगता येतं, त्याने पानं किती वेळा वर सरकवली ते.

त्या दिवसाला आता नऊ वर्षं झाली.

मोरितास्ग शिडं शिवतो. कमी बोलतो. खाडीवर आता उरलेल्या घरांत बाप आपल्या पोरांचा हात धरून भर धक्क्यावर फिरतात, कुणी काही म्हणत नाही. ते दिसले की तो मांडवात जातो. लितुगेनाला नंतर एक मुलगी झाली. ती झोपली की लितुगेना नाकाशी बोट धरून श्वास बघते, दोनदा, तीनदा.

चौथ्या वर्षी खेचरं हाकणाऱ्या एकाने खबर आणली. ते दोघं मोठ्या नदीपर्यंत एकत्र होते. तिथे व्यापाऱ्याने वेगळे केले. मीठवाला दक्षिणेच्या मिठागरांवर गेला, पहिल्याच उन्हाळ्यात वारला. पोरगं नार्बो शहरात एका कुंभाराकडे आहे, वेशीबाहेरच्या भट्ट्यांवर, निदान तेव्हा होतं. नाव आता काहीतरी दुसरंच ठेवलंय. ती खबर खरी की खोटी, कुणास ठाऊक. इथून बाहेर जायची परवानगी नाही.

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल, दारू घेऊन, कातडी घेऊन, कशालाही, तर जरा वाट वाकडी करा. वेशीबाहेरच्या भट्ट्या. सोळा वर्षांचा असेल. केस उन्हात तांबूस दिसतात. कामाच्या जागी, लोकांसमोर काही विचारू नका, तो तुम्हाला ओळख देणार नाही. एकटा असेल तेव्हा गाठा. आई-बापाचं नाव काढलं नाहीत तरी चालेल. फक्त बघा, त्याचा डावा कान अजून फुटतो का. थंडीत फुटायचा, आणि तो कुणाला सांगायचा नाही, नुसता त्या कुशीवर झोपायचा. फुटत असेल तर कोमट तेलाचे दोन थेंब, फार कढत नको. आणि जेवला का ते विचारा. हो म्हणाला, तरी थोडं थांबा, आणि समोर बसून खातो का ते बघा.